राखणीची कवटी

प्रितम : मावशी, आधी बसा तरी. जिना चढून दम लागलाय तुम्हाला. आणि जरा मोठ्यानं बोला, मागच्या गल्लीत कापडाचे पॉवरलूम चालू आहेत. पुसायचं म्हणालात?

बायजाबाई : पुसायचं न्हाय. ते पुसत न्हाय, मला ठाव हाय. झाकायचं. त्याच्यावर दुसरं काढायचं.

रूपा : आई, आपण झाकायला नाही आलो. विचारायला आलोय. रिक्षात काय ठरलं आपलं?

बायजाबाई : रिक्षात तू ठरवलंस. मी गप बसले व्हते.

प्रितम : एक मिनिट, वहिनी. कुणाच्या अंगावरचं आहे? तुमच्या?

बायजाबाई : माझ्या पोराच्या. विशाल. खारबावचा. ही त्याची बायको, रूपा. तूच काढलंयस ना? खाली मोबाईलवाल्या हारूनभाईला इचारलं, गोंदनारा प्रितम कुठं बसतो, तर म्हनला वर जा, नाक्यावर तो एकच हाय.

प्रितम : विशाल! वडप्याच्या गोडाऊनमधला? अहो, तो तर आपला खास माणूस. आत्ता गणपतीत येऊन गेला. छातीवर डाव्या बाजूला तिबेटी कवटी, तीन डोळे, खाली पाच छोट्या कवट्यांची माळ. दोन बैठका लागल्या मला. एवढं मोठं काम तेव्हा पहिलंच होतं माझं. पण झाकायचं म्हणजे? कंटाळला काय तिला?

रूपा : ते पडले.

प्रितम : पडला म्हणजे?

रूपा : गोडाऊनमध्ये, रॅकवरून. माल काढायला चौथ्या खणापर्यंत चढले होते. खाली सगळा सिमेंटचा कोबा. आज एकोणतीस दिवस झाले.

प्रितम : च्यायला. मला कुणी बोललंच नाही.

बायजाबाई : तुला कोन कशाला सांगंल?

रूपा : बावीस दिवस दवाखान्यात होते. मग घरी आणलं. नाकात नळी आहे. श्वास आपला आपण घेतात. मध्येच डोळे उघडतात.

बायजाबाई : उघडतात. बघत न्हाईत.

रूपा : परवा पायाचं बोट हललं.

बायजाबाई : डॉक्टर म्हनला ते आपोआप हलतं.

रूपा : डॉक्टर असंही म्हणाला होता की दोन दिवस काढणार नाहीत. काढले ना? एकोणतीस काढले.

प्रितम : पाणी घ्या वहिनी. मावशी, तुम्हीपण घ्या.

बायजाबाई : पानी नको. तू तुझी सुई घे नि चल आमच्या संगती. रिक्षा खाली उभी हाय. घरात मेघाली बसलीय त्याच्यापाशी, माझी लेक. तिची शिफ्ट चार वाजता, त्याच्या आत जायला पायजे.

प्रितम : सुई घेऊन? मावशी, तो बेशुद्ध आहे.

बायजाबाई : म्हनून तर. डॉक्टरानं बाजूला घेऊन सांगितलं मला. आठ दिस, लई तर पंधरा. त्यातले सात झाले.

रूपा : मला असं काही सांगितलं नाही त्यांनी.

बायजाबाई : तुलाबी सांगितलं, बाय. तुझ्या म्होरंच सांगितलं. तू ऐकलं न्हाईस.

प्रितम : पण मावशी, अशा वेळी ह्या टॅटूचं काय एवढं? माणूस तिकडे असा पडलाय आणि तुम्ही—

बायजाबाई : हा हात बघ माझा. बघ नीट, तुझाच धंदा हाय. ही तुळस. ही सीतेची न्हानी. हा इंचू. हे माझ्या मालकाचं नाव, दामू. आता काळंनिळं दिसतं, पन सारं जाग्यावर हाय. माझी आय सांगायची, मानूस मेला का त्याच्या अंगावरचं सोनं घरातले काढून घेतात, लुगडं जळून जातं, हाडं खाडीत जातात. गोंदन तेवढं संगती जातं. वर गेलं का इचारतात, काय आनलंस? तवा हात दाखवायचा. आता तू मला सांग, माझा पोरगा काय दाखवंल?

प्रितम : मावशी...

बायजाबाई : कवटी दाखवंल. मग त्याला कोनत्या दारात घेतील? आनि तिकडं त्याचा बाप हाय. दामूला शेवटीशेवटी डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पोराला वळखंल तो तुळशीवरनंच. आमच्या घरात परतेकाच्या अंगावर तुळस. दामूच्या मनगटावर व्हती, मेघालीच्या हाय. विशाल तेवढा राह्यला. पाच वर्सांचा असताना जत्रेत नेला व्हता. गोंदनारी बाई सुई घेऊन बसली, ह्यानं असा गळा काढला का सारी जत्रा बघायला लागली. मला पोराचं रडनं बघवलं न्हाय. म्हनलं राहू दे, म्होरल्या जत्रेला करू. म्होरल्या जत्रेला ती बाई आलीच न्हाय. त्याच्या म्होरल्याबी न्हाय. मी काय तिच्या मागं धावले न्हाय. ती चूक माझी. तुळस असती तर त्याला ह्या कवटीची गरजच पडली नसती.

रूपा : आई, ह्यांना गरज का पडली ते तुम्हाला माहीत आहे.

बायजाबाई : ठाव हाय. रामनाथ.

प्रितम : हो, रामनाथचं बोलला होता मला. अंगावर रॅक कोसळला तो ना?

रूपा : ह्यांच्या शेजारीच उभा होता तो. दोघांचा डबा एकत्र असायचा. ह्यांनीच त्याला मालाखालून ओढून काढलं. त्यानंतर दोन महिने हे धड झोपले नाहीत. ड्युटीला निघताना उंबऱ्यात उभे राहायचे, पाय उचलायचा नाही. मी म्हणायची नोकरी सोडा, तर म्हणायचे वडप्यात दुसरं काय आहे, हे गोडाऊन सोडलं की पुढचं गोडाऊन. आणि मग एक दिवस इथून छाती बांधून घरी आले. त्या दिवशी झोपले, प्रितमदादा. घोरत होते. मी उठून बसले आणि ऐकत राहिले. मला तर वाटलं तुम्ही देवच भेटलात ह्यांना.

प्रितम : वहिनी, असं नका बोलू.

रूपा : का नको? खरं आहे ते बोलते. आईंना माझ्या तोंडून पटत नाही, म्हणून तर आणलं त्यांना इथे. तुम्ही ह्यांना काय सांगितलं होतं, तेच त्यांना सांगा.

प्रितम : काय सांगितलं होतं मी? दोन वर्षं झाली त्याला. रोज चार कस्टमर येतात.

रूपा : मला पाठ आहे. तिबेटमध्ये लामा लोक ही कवटी अंगावर वागवतात. यम दारात आला की आधी हिच्याकडे बघतो. त्याला वाटतं, ह्या घरचा माणूस आपण मागेच नेलाय. आणि तो पुढे निघून जातो. असंच ना?

प्रितम : असंच काहीतरी.

रूपा : काहीतरी नाही, असंच. हे रोज सांगायचे. त्यांच्या गोडाऊनमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होतं. म्हणून मी ह्यांच्या छातीवर काही घालत नाही. बनियन नाही, चादर नाही. दिसली पाहिजे ना त्याला ती.

बायजाबाई : ऐकलंस? जानेवारीचा महिना, खाडीवरचं वारं सरळ घरात येतं. मी पोराच्या अंगावर चादर टाकते, ही काढते. मी टाकते, ही काढते. सात दिस आमचं हेच चाललंय. एकमेकींशी बोलायचं सोडलंय आमी.

रूपा : तुम्ही झाकलंत की काय होईल ठाऊक आहे तुम्हाला? आणि आता तर तिच्यावर दुसरंच काढायचं म्हणताय. जे त्यांना धरून ठेवतंय तेच पुसायला निघालात! चौथ्या खणावरून पडलेला माणूस वाचतो कधी? दवाखान्यात सगळे म्हणाले, वाचला हेच नवल. वर चढताना लावायचा सेफ्टी बेल्टसुद्धा नव्हता कमरेला. कशानं वाचले मग?

प्रितम : बेल्ट नव्हता?

रूपा : नव्हता.

प्रितम : वडप्याला बेल्ट देत नाहीत?

रूपा : देतात. रामनाथ गेल्यापासून देतात. ह्यांचा तिथेच खुंटीला होता. सुपरवायझरनं फोटो काढून ठेवलाय खुंटीचा, दाखवायला. हे बऱ्याच दिवसांपासून लावत नव्हते. हसायचे. मला काय होतंय, म्हणायचे. छातीवर हात मारायचे असा.

प्रितम : बऱ्याच म्हणजे किती? गणपतीच्या आधीपासून?

रूपा : काय माहीत. का?

प्रितम : नाही, असंच.

बायजाबाई : असंच न्हाय. तुझा चेहरा उतरला. पोरा, इकडं माझ्याकडं बघ. ही कवटी राखन करते, असं तिबेटात खरंच म्हनतात?

प्रितम : मावशी, प्रत्येकाची आपापली श्रद्धा असते. आपण कोण—

बायजाबाई : श्रद्धा तिची झाली. मी तुला इचारते. आमची गोंदनारी बाई अडानी व्हती, पन परतेक ठिपक्याचा अर्थ सांगायची आनि मगच सुई लावायची. तू अर्थ कुठनं आनलास?

रूपा : सांगा ना हो. सांगून टाका एकदाचं, म्हणजे त्यांची खात्री होईल.

प्रितम : कुठनंच नाही.

रूपा : म्हणजे?

प्रितम : डिझाइन मोबाईलवरून काढलं. अर्थ मी लावला. तो आला ना त्या दिवशी, ह्याच खुर्चीत बसला होता, घाबरलेला होता. म्हणाला, असं काहीतरी काढ की माणूस वाचला पाहिजे. मी म्हटलं गणपती काढू, हनुमान काढू. तर म्हणाला रामनाथच्या दंडावर हनुमानच होता. मग मी काय करू? कवटीचं चित्र समोर होतं. मला ते करून बघायचंच होतं, कुणी करून घेत नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. यम बघतो, पुढे जातो. धंद्यात बोलतो माणूस, वहिनी. तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसतोय म्हणाला. मला पण बरं वाटलं.

रूपा : तुम्हाला माहीत नसेल. पण खरं असू शकतं की नाही? तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून ते खोटं होत नाही ना?

प्रितम : नंतर कळलं मला.

बायजाबाई : काय कळलं?

प्रितम : गेल्या वर्षी थंडीत कल्याणला स्वेटर घ्यायला गेलो होतो. तिबेटी लोक दुकानं लावतात ना दरवर्षी, तिकडे. एक म्हातारी होती, तुमच्याएवढी. मला वाटलं खूश होईल, म्हणून फोनवर विशालच्या छातीचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला, खूप वेळ बघितला. मग विचारलं, किसका है, कोई लामा है क्या? मी म्हटलं नाही, गोडाऊनमध्ये काम करतो, रक्षा के लिए बनाया है. तर ती म्हणाली, बेटा, ये बचाता नहीं. ये याद दिलाता है.

रूपा : कशाची याद?

प्रितम : मरायची. की आपण जाणार आहोत. आज नाहीतर उद्या, सगळेच. त्यांच्यात कवटी समोर ठेवतात ती त्यासाठी. हे डोकं पण असंच होणार आहे, तर आत्ता नीट वाग, कुणाचं वाईट चिंतू नको, वेळ घालवू नको. खालच्या पाच कवट्या म्हणजे पाच विषं म्हणे. राग, लोभ, मोह, घमेंड आणि... जळणं, दुसऱ्याचं बघून जळणं. ती जिंकायची. मधला डोळा, ज्याला हे कळलं त्याचा.

बायजाबाई : आनि हसतेय कशाला ती कवटी?

प्रितम : मी पण तेच विचारलं होतं. म्हणाली, जो जाना था चला गया, अब डर किस बात का.

बायजाबाई : एवढंच?

प्रितम : एवढंच.

बायजाबाई : हे तर आमच्या मसनात कुनीबी सांगतं. तिरडी उचलली का सारे हेच बोलतात, घरी येऊन आंघोळ केली का इसरतात. महादेवाच्या गळ्यात मुंडक्यांची माळ हाय, तिचा अर्थ दुसरा काय हाय? ह्यासाठी माझ्या पोराची छाती दोनदा टोचलीस?

रूपा : गेल्या वर्षी थंडीत कळलं तुम्हाला?

प्रितम : हो.

रूपा : हे गणपतीत आले होते तुमच्याकडे.

प्रितम : हो.

रूपा : म्हणजे तुम्हाला कळल्यावर आले होते.

प्रितम : वहिनी, ऐका ना. तो एकटा नव्हता आला. दीपेशला घेऊन आला होता आणि त्या काशिनाथला, त्याच्याच लाइनीतले दोघं. म्हणाला, ह्यांनापण माझ्यासारखी काढ. छाती उघडून दाखवत होता त्यांना. यम येतो, बघतो, पुढे जातो. माझेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. एवढा खुशीत होता! मी तोंड उघडणार होतो. आईशपथ उघडणार होतो. पण दोन कस्टमर समोर बसलेले, तो असा हसतोय. म्हटलं, कशाला त्याचं समाधान घालवा. कवटीनं कुणाचं काय बिघडतंय? बेल्टचं मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

बायजाबाई : त्या दोघांना काढलीस?

प्रितम : काढली.

बायजाबाई : तेबी बेल्ट लावत न्हाईत?

प्रितम : मला नाही माहीत, मावशी.

बायजाबाई : फोन लाव त्यांना.

प्रितम : आत्ता ड्युटीवर असतील. आत फोन नेऊ देत नाहीत. सुटले की लावतो.

बायजाबाई : लावतो न्हाय, तिथं जाऊन सांग. गेटावर उभा राहून सांग. माझ्या पोराच्या वक्ताला गप बसलास तसा बसू नको.

प्रितम : सांगतो. आजच सांगतो.

( विशाल बसला होता त्या खुर्चीजवळ रूपा जाऊन उभी राहते. )

रूपा : विशाल मला म्हणाला होता, तुझ्यापण हातावर छोटी काढून घेऊ. मी म्हटलं मला सुईची भीती वाटते. तर म्हणाला, राहू दे, माझी दोघांना पुरेल.

बायजाबाई : रूपा, बाय, इकडं ये. माझ्याजवळ बस.

रूपा : सात दिवस उघडं ठेवलंय मी त्याला. त्याच्या अंगावर काटा यायचा थंडीनं. मला वाटायचं, चला, काटा येतोय म्हणजे त्याला कळतंय काहीतरी. मी तुमच्या हातातून चादर ओढून घेतली, आई.

बायजाबाई : घेतलीस. मीबी ओढली. झालं ते झालं.

रूपा : तो बेल्ट लावायचा नाही ते मला माहीत होतं. मीपण बोलले नाही. मलाही पुरायची ना ती कवटी.

बायजाबाई : गप. आता ह्याच्यावर बोलून काय व्हनार हाय? मी जत्रेत गप बसले, ह्यानं दुकानात तोंड उघडलं न्हाय, तू घरात. कुनी कुनाला बोलायचं?

प्रितम : मावशी, मला मारा तुम्ही. शिव्या द्या.

बायजाबाई : मारून काय मिळंल? तो फोटो हाय तुझ्याकडं? त्या म्हातारीला दाखवलास तो. मलाबी दाखव. घरी मी कधी नीट बघितलीच न्हाय ती. किळस यायची.

प्रितम : हा बघा. थांबा, मोठा करतो.

बायजाबाई : हे वरती काय हाय? डोकं असं कापल्यासारखं का दिसतंय? जाळ निघतोय त्यातनं.

प्रितम : ती वाटी आहे. त्या चित्रात तशीच होती, मला वाटलं स्टाइल असेल. म्हातारी म्हणाली, त्यांच्यात कवटीची वाटी करतात, पूजेला ठेवतात. तिच्यात विष ओतलं तरी त्याचं अमृत होतं म्हणे, करणारा तसा असला तर. मी त्यात जाळ भरला. माझ्या मनानं.

बायजाबाई : वाटी हाय?

प्रितम : हो.

बायजाबाई : मग झाकायला नको.

प्रितम : म्हणजे?

बायजाबाई : कवटी राहू दे. खरं तेच बोलते बिचारी, खोटं तू बोललास. तिला कशाला पुसायची? त्या वाटीत तुळस लाव. वृंदावनात लावतो तशी. जाळ हाय तिथं, मधोमध. मोठी नको. माझ्या हातावरची बघ, एक उभी रेघ, दोन्ही अंगांना तीन तीन फांद्या, टोकाला ठिपके. बापाला तेवढी वळखू येईल.

प्रितम : मावशी, हे मी नाही करू शकत.

बायजाबाई : का?

प्रितम : त्याला इंजेक्शनं चालू असतील, रक्त पातळ करायची. थांबणार नाही रक्त. जखम भरायला आठवडा लागतो.

बायजाबाई : भरायला त्याच्याकडं आठवडा न्हाय. मेल्यावर केलं तर कातडी रंग धरत न्हाय. तुला माझ्याहून बरं ठाव हाय ते.

रूपा : इंजेक्शनं बंद केलीत. घरी पाठवलं तेव्हाच बंद केली. फक्त नळी आहे.

प्रितम : तरी पण वहिनी, तो शुद्धीत नाही. ज्याच्या अंगावर काढायचं त्यानं हो म्हणायला पाहिजे. एवढं तरी पाळतो मी. त्याला न विचारता कसं काढू?

बायजाबाई : इचारून खोटं काढलंस. आता न इचारता खरं काढ.

प्रितम : मला भीती वाटते, मावशी.

बायजाबाई : तोबी भ्यायला व्हता ना ह्या खुर्चीत? तरी तू काढलीस. मशीन नको आनू. त्याच्या आवाजानं मला भ्या वाटतं. हाताची सुई हाय?

प्रितम : आहे. हातानं ठिपके टाकायची आहे एक, नवीन. पाकीट फोडलेलं नाही अजून.

बायजाबाई : ती घे. मी सांगते तसं कर. सहा फांद्या, सात ठिपके. किती येळ लागंल?

प्रितम : अर्धा तास. पाऊण.

बायजाबाई : मग ऊठ. मेघालीला चार वाजता जायचंय. रूपा, तू काय म्हनतेस? त्याची बायको तू हायस. तू नको म्हनलीस तर मी जिना उतरून घरी जाते. पुन्हा इषय काढनार न्हाय.

रूपा : मेघालीला फोन लावते.

बायजाबाई : मला सांग आधी. करू का नको?

रूपा : थांबा ना, आई, लागतोय. हॅलो, मेघाली? हो, आम्ही निघतोय. प्रितमदादा आहेत बरोबर. नाही, तसं काही नाही, आल्यावर सांगते. जरा पाणी तापवून ठेव आणि स्वच्छ फडकं काढून ठेव एक. हो. श्वास कसा आहे? बरं. ऐक, खिडकी लावून घे. आणि पलंगाच्या खाली मी घडी करून ठेवलीय बघ, ती चादर घे आणि त्यांच्या अंगावर घाल. नाही, मी काही बोलणार नाही तुला. पोटापर्यंत नको, वरपर्यंत घाल. गळ्यापर्यंत.